खेळाडू पुरवणाऱ्या एजन्सीचा अनुभव : एक परदेशी, एक देशी आणि दोन्हीकडे न बसणारा एक

यंदा फेब्रुवारीत सोलापुरात झालेल्या सात-सात खेळाडूंच्या फुटबॉल स्पर्धेसाठी आमच्या मंडळाने पुण्याच्या एका एजन्सीकडून तीन बाहेरचे खेळाडू घेतले : एक नायजेरियन आघाडीपटू, एक नेपाळी बचावपटू आणि मधल्या फळीत खेळणारा कोल्हापूरचा एक मुलगा. पैशांचा हिशेब अजून मिटलेला नसल्यामुळे एजन्सीचे नाव लिहीत नाही. परंतु अशा एजन्सींची पत्रके हल्ली गावोगावच्या मंडळांच्या व्हॉट्सॲपवर येऊ लागली आहेत आणि ती वाचून कोणी आमच्यासारखीच आगाऊ रक्कम भरणार असेल, तर त्याने आधी हा अनुभव वाचावा, एवढ्यासाठी हे लिहीत आहे. माझ्याकडून या सेवेला पाचपैकी दोन तारे. हे दोन तारे खेळाडूंच्या दर्जासाठी आहेत, कारण तिघेही खेळायला उत्तम होते. उरलेले तीन कशामुळे गेले, ते पुढे सविस्तर सांगतो.

आधी थोडी पार्श्वभूमी. सोलापूर हे फुटबॉलचे गाव नव्हे. येथे पार्क मैदानाचे नाव काढले की क्रिकेट आठवते आणि शाळांच्या मैदानांवर खो-खो व कबड्डी चालते. फुटबॉल हा रेल्वे वसाहतीतली मुले, विजापूर रस्त्याकडची महाविद्यालये आणि आमच्यासारखी दहा-बारा मंडळे यांनी टिकवून धरलेला खेळ आहे. आमच्या संघातले दोघे यंत्रमागावर कामाला जातात, एक जण अभियांत्रिकीला आहे, गोलरक्षक टॉवेलच्या कारखान्यात पॅकिंग पाहतो. गेल्या वर्षी पहिल्याच फेरीत आमचा जो पराभव झाला, तो दोन आफ्रिकन खेळाडू आणलेल्या संघाकडून झाला आणि तेव्हापासून मंडळात एकच घोशा सुरू होता की यंदा आपणही ‘फॉरेनर’ आणायचा. मी सचिव या नात्याने थोडा विरोध केला, पण तो खर्चाच्या मुद्द्यावर होता. खर्चापेक्षा मोठे मुद्दे तेव्हा माझ्याही डोक्यात नव्हते, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे.

एजन्सीचा व्यवहार असा चालतो. सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा उरकल्यावर आम्ही चौकशी केली, तेव्हा त्यांनी एक पीडीएफ पाठवली. तिच्यात प्रत्येक खेळाडूचा फोटो, उंची, वय, खेळण्याची जागा, प्रत्येक सामन्याचा दर आणि दोन मिनिटांची एक क्लिप होती. सेवाशुल्क माणशी ४,००० रुपये, म्हणजे तिघांचे १२,०००. सामन्याचा दर नायजेरियन खेळाडूचा ५,००० आणि बाकी दोघांचा २,५००-२,५००. याखेरीज एका सामन्याइतकी, म्हणजे १०,००० रुपये अनामत. प्रवास, राहणे आणि जेवण मंडळाकडे. एकूण २२,००० रुपये आम्ही आगाऊ भरले आणि त्याबदल्यात एका पानाची पावती मिळाली. त्या पावतीकडे पुन्हा येऊच.

क्लिपविषयी मात्र इथेच सांगितले पाहिजे. सगळ्या क्लिपा एकाच साच्याच्या होत्या : मागे ढणढण संगीत, ओळीने सात-आठ गोल, चुकलेला एकही पास नाही, सामना कोणाविरुद्ध आणि कोणत्या साली झाला याचा पत्ता नाही. आम्ही प्रत्येकाचा एक तरी पूर्ण सामना पाहायला मागितला. कोल्हापूरच्या मुलाचा सामना तासाभरात मिळाला, कारण तिथल्या स्थानिक वाहिन्या शाहू स्टेडियमवरचे सामने यूट्यूबवर दाखवतात आणि ते तिथेच साठून राहतात. शिवाय आमच्या एका सदस्याचे मेहुणे कोल्हापुरात असतात. त्यांनी दहा मिनिटांच्या फोनमध्ये त्या मुलाचा उजवा पाय, त्याचा राग, त्याला मिळालेली पिवळी कार्डे आणि त्याच्या वडिलांची गिरण हे सगळे सांगून टाकले. नायजेरियन खेळाडूचा पूर्ण सामना शेवटपर्यंत आला नाही. तो कोणाकडे खेळला, का सोडला, पाय कधी दुखावला, हे सांगू शकेल असा एकही माणूस आमच्या ओळखीच्या ओळखीत नव्हता. त्याच्याविषयीची सर्व माहिती एकाच तोंडून येत होती, आणि ते तोंड विकणाऱ्याचे होते. परदेशी खेळाडूची पहिली अडचण ही. त्याचा खेळ कमी असतो असे नाही, पण तो पडताळून पाहण्याची सोय आपल्याकडे नसते.

स्पर्धेच्या तीन दिवस आधी तो सकाळच्या गाडीने स्टेशनवर उतरला. सव्वासहा फूट उंची, अतिशय शांत स्वभाव, खांद्यावर एकच सॅक. तिच्यातले बूट लांब, लोखंडी टोकाच्या स्टडचे निघाले. ते ओल्या, गवताळ मैदानासाठी असतात आणि आमच्या मैदानावर गवत नावालाही नाही. मुरूम आणि काळी माती उन्हाने अशी घट्ट झालेली की खुंटी ठोकायची तर पहार लागावी. त्या बुटांनी तो पहिल्याच वळणावर घसरला. दुपारी आम्ही नवी पेठेत रबरी तळाचे बूट शोधायला निघालो, तर त्याचा नंबर अकरा आणि दुकानांतला माल दहावर संपणारा. चौथ्या दुकानदाराने डोळे विस्फारून विचारले, “मालक, एवढ्या पायाला इथं कोण घालतंय?” शेवटी पुण्याहून कुरिअरने मागवले. मैदान कसे आहे, हे एजन्सीने आम्हाला एकदाही विचारले नव्हते. आम्हालाही सांगायचे सुचले नाही.

संध्याकाळच्या सरावात दुसरी गोष्ट लक्षात आली. आमची मुले मैदानावर मराठी, तेलुगू आणि कन्नड या तिन्ही भाषा एकाच वाक्यात वापरतात. प्रतिस्पर्धी पाठीवर आला की सगळे ओरडतात, “मागं हाय बे!” तो बिचारा चेंडू छातीवर घेऊन थांबायचा आणि मागून कोणीतरी तो काढून न्यायचा, असे तीनदा झाले. चौथ्यांदा त्याला अर्थ कळला आणि सरावाच्या अखेरीस तो स्वतःच आमच्या गोलरक्षकाला “पास दे बे” म्हणत होता. हवेतला चेंडू त्याच्या डोक्यावरून जाणे अशक्य होते. चार दिवस मिळाले असते तर तो संघात मिसळला असता, यात मला शंका नाही. पण अशा स्पर्धांसाठी खेळाडू येतात ते आदल्या दिवशी किंवा त्याच्या आदल्या दिवशी.

हे सारे किरकोळ. खरी गोष्ट रात्री लॉजवर घडली. स्टेशनजवळच्या लॉजच्या व्यवस्थापकाने खोली देण्यापूर्वी पासपोर्ट मागितला. परदेशी माणूस मुक्कामाला आला की त्याची माहिती ठरावीक फॉर्ममध्ये भरून चोवीस तासांच्या आत परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयाला कळवावी लागते आणि हे बंधन हॉटेलाइतकेच घरी पाहुणा ठेवणाऱ्यालाही असते, म्हणजे आम्ही त्याला मंडळाच्या खोलीत झोपवले असते तर ते काम आमच्यावर आले असते. तो म्हणाला, पासपोर्ट पुण्याला एजन्सीच्या ऑफिसात आहे. व्यवस्थापक शांतपणे म्हणाले, “मालक, पासपोर्ट ज्याचा त्याच्याजवळ पाहिजे. तो दुसऱ्याकडं आहे म्हणजे काहीतरी गडबड आहे. मी खोली देणार नाही.” मला त्या क्षणी त्यांचा राग आला. आज त्यांचे आभार मानावेसे वाटतात.

एजन्सीला फोन केला, बराच आग्रह केला, तेव्हा रात्री अकराला व्हिसाच्या पानाचा फोटो आला. तो विद्यार्थी व्हिसा होता. मुलगा पुण्यातल्या एका महाविद्यालयात शिकत होता. विद्यार्थी व्हिसावर मोबदला घेऊन काम करता येत नाही, आणि सामन्यामागे ५,००० रुपये हा मोबदला नव्हे असे म्हणायला विशेष धैर्य लागते. परदेशी माणसाला भारतात नोकरीवर ठेवायचे तर रोजगार व्हिसा लागतो आणि त्यासाठी सरकारने वार्षिक पगाराची १६.२५ लाख रुपयांची किमान मर्यादा ठरवलेली होती. इंडियन सुपर लीग (आयएसएल) या व्यावसायिक स्पर्धेतल्या क्लबांना ती जड नाही. सोलापूरच्या मंडळाचे सगळे वर्षाचे जमाखर्च एकत्र केले तरी त्या रकमेच्या जवळपास पोहोचत नाहीत. म्हणजे एखाद्या हौशी मंडळाला परदेशी खेळाडू एक-दोन आठवड्यांसाठी भाड्याने कायदेशीररीत्या आणणे हे व्यवहारात जवळजवळ अशक्य आहे. आमचे हिशेब पाहणारे सीए दुसऱ्या दिवशी म्हणाले की व्हिसा ठीक असता तरी काम संपले नसते : आयकर कायद्याप्रमाणे भारतात निवासी नसलेल्या परदेशी खेळाडूच्या इथल्या खेळाच्या कमाईवर २० टक्के कर आहे आणि पैसे देणाऱ्यानेच तो आधी कापून भरायचा असतो. पावतीवर यातले एक अक्षर नव्हते. एजन्सीच्या माणसाचे उत्तर एकच : “सर, सगळीकडे असंच चालतं.”

सगळीकडे असे चालते, हे खरेही असेल. केरळात मलप्पुरमच्या बाजूला सेव्हन्सच्या, म्हणजे सात-सात खेळाडूंच्या, स्पर्धांना हजारोंची गर्दी होते आणि आफ्रिकी खेळाडू तिथले नेहमीचे आकर्षण असतात. पण तिथेच मार्च २०२४ मध्ये आयव्हरी कोस्टच्या एका खेळाडूला प्रेक्षकांच्या जमावाने मैदानावर पाठलाग करून मारहाण केली आणि त्याने वंशद्वेषी शेरेबाजीची तक्रार पोलिसांत दिली. अशा वेळी परक्या देशातल्या त्या माणसाच्या पाठीशी कोण उभे राहते? आपण जोखीम म्हणतो तेव्हा आपल्या पाच-दहा हजारांविषयी बोलत असतो. आमच्याकडे आलेल्या मुलाच्या बाबतीत पणाला लागले होते ते त्याचे शिक्षण आणि या देशात राहण्याची त्याची परवानगी. त्याला खेळवायचे नाही, असे आम्ही ठरवले. त्याने निर्णय ऐकला, नव्या बुटांचे पैसे किती झाले ते विचारले आणि दुसऱ्या दिवशी परत गेला. जाण्या-येण्याचा खर्च आणि एका सामन्याचे निम्मे मानधन द्यावे, असे आमच्यातल्या काहींचे म्हणणे होते. मानधन दिले असते तर पुन्हा तोच प्रश्न आला असता, म्हणून आम्ही प्रवासखर्च आणि जेवणाचे पैसे तेवढे दिले. गाडीत खायला कडक भाकरी आणि शेंगाचटणी बांधून दिली. चटणीचा फोन त्याने नंतर आवर्जून केला.

आता नेपाळी बचावपटूविषयी. तो या पत्रकात ‘देशी’ या सदरात होता, कारण भारत आणि नेपाळ यांच्यातील १९५०च्या मैत्री करारामुळे नेपाळच्या नागरिकाला इथे येण्यासाठी, राहण्यासाठी आणि काम करण्यासाठी व्हिसा लागत नाही. एजन्सीच्या हिशेबात तो म्हणून स्वस्त आणि सोपा. परंतु फुटबॉलच्या दृष्टीने तो परदेशीच असतो : नोंदणीकृत स्पर्धेत खेळायचे तर त्याच्या नेपाळच्या संघटनेकडून आंतरराष्ट्रीय हस्तांतर प्रमाणपत्र यावे लागते आणि परदेशी खेळाडूंच्या मर्यादेत तो मोजला जातो. आमच्या स्पर्धेच्या आयोजकांचा नियम बाहेरचे तीन आणि त्यांत परदेशी एकच असा होता. म्हणजे एजन्सीने आम्हाला एकाच जागेसाठी दोघे जण विकले होते! नायजेरियन खेळाडू परत गेला म्हणून हा तिढा आपोआप सुटला, नाहीतर पहिल्याच सामन्याला आमच्यावर आक्षेप आला असता आणि गुण गेले असते. देशी आणि परदेशी ही रेघ कुठे पडते, हे विकणाऱ्यालाच ठाऊक नसेल तर घेणाऱ्याने काय करावे? यावरून अराता इझुमीची आठवण होते. मूळचा जपानी असलेला हा खेळाडू पुणे एफसीकडे होता. २०१२ मध्ये त्याने जपानी नागरिकत्व सोडून भारतीय नागरिकत्व घेतले आणि पुढच्या वर्षी भारताकडून खेळला. माणूस तोच, पाय तेच, पण क्लबाच्या यादीतले त्याचे सदर बदलले. नेपाळी मुलगा मात्र चारही सामने झकास खेळला, वेळेवर आला, कधी तक्रार केली नाही. जाता जाता त्याच्याकडून एक गोष्ट कळली. आम्ही त्याच्यासाठी सामन्यामागे २,५०० रुपये एजन्सीला देत होतो आणि त्याच्या हातात १,५०० पडत होते.

कोल्हापूरच्या मुलाची गोष्ट यापेक्षा वेगळी आणि मला विचाराल तर अधिक शिकवणारी आहे. त्याच्या कागदात काहीच खोट नव्हती : आधार कार्ड, फोटो, बँक खाते सारे जिथल्या तिथे. भाषा आपली, जेवण आपले, उन्हाची सवय आपली. पहिल्या साखळी सामन्यात त्याने दोन गोल करवून दिले तेव्हा मंडळातले सगळे म्हणू लागले की आपण उगाच फॉरेनरच्या मागे लागलो. दुसऱ्या सामन्याच्या आधी तो कपडे बदलत असताना मला त्याच्या उजव्या गुडघ्याभोवती चिकटपट्टी दिसली. विचारल्यावर म्हणाला, काही नाही, जरा लचक आहे. मग हळूहळू निघाले की त्याच आठवड्यात तो आपल्या तालमीकडून दोन सामने खेळून आला होता.

कोल्हापूरचे फुटबॉल ज्यांनी पाहिलेले नाही त्यांना हे समजणे अवघड आहे. तिथे पाटाकडील, दिलबहार, खंडोबा ही तालीम मंडळांची नावे म्हणजेच संघांची नावे. पेठा या संघांवर जीव टाकतात, दोन पेठांचा सामना असला की शाहू स्टेडियम भरून वाहते. अनिकेत जाधवसारखा २०१७च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला आघाडीपटू त्या मातीतला आहे. अशा गावच्या मुलाचा खरा करार त्याच्या पेठेशी असतो आणि तो कुठल्याही कागदावर लिहिलेला नसतो. साखळी संपली, आम्ही उपांत्य फेरीत गेलो आणि त्या रात्री नऊ वाजता तो माझ्याकडे आला. “दादा, उद्या आमच्या पेठेची मॅच हाय. मला जावं लागतंय.” मी पैशांचे बोललो, शब्दाचे बोललो, अनामतीचे बोललो. त्याने सगळे खाली मान घालून ऐकून घेतले आणि म्हणाला, “पैसे कापा दादा, पण नाही गेलो तर गल्लीत तोंड दाखवायला जागा राहायची नाही.” रात्रीच्या एसटीने तो गेला. दुसऱ्या दिवशी उपांत्य सामना आम्ही १-३ असा हरलो.

त्या मुलाचा मला राग येत नाही. त्याच्या जागी मी असतो तर हेच केले असते. राग आहे तो एजन्सीचा, कारण तालमीच्या सामन्यांचे वेळापत्रक छापील असते आणि ते पाहणे हे त्यांचे काम होते. मेहुण्यांनी फोनवर सगळे सांगितले, पण त्या आठवड्यात त्याचे सामने आहेत का हे आम्ही विचारले नाही आणि एजन्सीने ते दडवले की तिलाही माहीत नव्हते, हे आजवर कळलेले नाही. परदेशी खेळाडूची अडचण निदान लॉजच्या काउंटरवर उघडी पडली. पासपोर्ट मागितला की ती दिसते. देशी खेळाडूची अडचण त्याच्या घरात, गल्लीत, परीक्षेत, बहिणीच्या लग्नात दडलेली असते आणि ती नेमकी उपांत्य सामन्याच्या आदल्या रात्री बाहेर येते.

एजन्सीच्या पत्रकावर ‘आयएसएल दर्जाची सेवा’ असे छापलेले आहे, म्हणून त्या दर्जाकडेही पाहणे भाग आहे. तिथेही परदेशी खेळाडूचे नाव आणि काम यांचा मेळ बसतोच असे नाही. २००६चा विश्वचषक जिंकलेल्या इटलीच्या संघातला अलेस्सांद्रो देल पिएरो २०१४ मध्ये दिल्ली डायनामोजकडे आला आणि १० सामन्यांत त्याचा एक गोल झाला. उलट सायप्रसमधल्या क्लबातून गाजावाजा न होता आलेल्या कोरोमिनासने २०१७-१८च्या मोसमात एफसी गोवासाठी १८ गोल केले. पैसे थकले तर परदेशी खेळाडू थेट फिफा या जागतिक फुटबॉल संघटनेकडे जातो : २०२१ मध्ये केरळ ब्लास्टर्स आणि ईस्ट बंगाल या दोन्ही क्लबांवर परदेशी खेळाडूंच्या थकबाकीवरून नवे खेळाडू नोंदवण्यास बंदी आली होती. आणि देशी खेळाडू म्हणजे निर्धास्त, हा समज अन्वर अलीच्या प्रकरणाने पुसून टाकला आहे. २०१९ मध्ये मुंबई सिटीच्या वैद्यकीय तपासणीत त्याच्या हृदयात दोष आढळला, त्याचे खेळणे थांबले, तो न्यायालयापर्यंत गेला आणि परत येऊन भारताच्या बचावफळीत खेळला. पुढे मोहन बागान सोडून ईस्ट बंगालकडे जाताना करारावरून वाद झाला. सप्टेंबर २०२४ मध्ये अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या समितीने त्याच्यावर चार महिन्यांची बंदी घातली आणि तो, ईस्ट बंगाल व त्याचा मूळ क्लब दिल्ली एफसी यांनी मिळून मोहन बागानला १२.९० कोटी रुपये द्यावेत असे सांगितले. प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेल्यावर तो आदेश मागे घेऊन पुन्हा सुनावणी करण्याची वेळ समितीवर आली. एवढे वकील हाताशी असलेल्या क्लबांची ही स्थिती, तर एका पानाच्या पावतीवर आम्ही काय मिळवणार होतो?

दराविषयीही एक निरीक्षण. आयएसएलमध्ये २०१४ साली मैदानावर किमान पाच भारतीय खेळाडू असावे लागत. २०१७-१८ पासून सहा आणि २०२१-२२ पासून सात. भारतीयांची जागा वाढली ही चांगलीच गोष्ट झाली, पण त्याबरोबर चांगल्या भारतीय खेळाडूंची टंचाई आणि त्यामुळे किंमतही वाढली, कारण सात जागा भरणे क्लबांना अनिवार्य आणि त्या दर्जाचे खेळाडू मोजके. आमच्या गल्लीतल्या स्पर्धेत हेच लहान प्रमाणावर घडले. ‘परदेशी एकच’ हा नियम जाहीर झाला आणि आठवड्याभरात कोल्हापूरच्या त्याच मुलाचा दर २,००० वरून २,५०० झाला. सोलापूरच्या स्थानिक खेळाडूला मात्र अजून सामन्यामागे चहा आणि वडापाव मिळतो.

आता ती पावती. तिच्यावर खेळाडूंची नावे, रक्कम आणि शिक्का. खेळाडू दुखावला तर उपचार कोणाकडे, मधूनच निघून गेला तर काय, कागद अपुरे निघाले तर पैसे परत किती, तो त्या काळात दुसऱ्या संघाकडून खेळू शकतो का, यांपैकी काही नाही. एजन्सीचे मालक स्वतःला ‘फिफा एजंट’ म्हणवतात. ऑक्टोबर २०२३ पासून फिफाचा परवाना सक्तीचा आहे. तो व्यक्तीला मिळतो, कंपनीला नाही, आणि त्यासाठी वीस प्रश्नांच्या परीक्षेत ७५ टक्के गुण लागतात. परवानाधारकांची यादी फिफाच्या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येते. तिच्यात मला त्यांचे नाव सापडले नाही. त्याच नियमांत लहान कमाईच्या खेळाडूच्या वेतनावर एका बाजूकडून जास्तीत जास्त ५ टक्के दलाली ठरवलेली होती; न्यायालयीन वादांमुळे ती मर्यादा डिसेंबर २०२३ मध्ये स्थगित झाली, हे मान्य. तरी २,५०० मधले १,००० म्हणजे ४० टक्के होतात, आणि माणशी ४,००० रुपये सेवाशुल्क त्याहून वेगळे. आमची स्पर्धा महासंघाच्या नोंदीतली नसल्याने हे नियम तिला लागू नाहीत, असे एजन्सीचे म्हणणे आहे. ते खरे धरले तर पत्रकावरचा फिफाचा उल्लेख कशासाठी, याचे उत्तर त्यांनी दिलेले नाही.

पुढच्या वर्षी आम्ही काय करणार, हे मंडळाच्या बैठकीत ठरले आहे. बाहेरचा खेळाडू घ्यायचा तर देशी, तोही एकच, आणि एजन्सीमार्फत न घेता त्याच्या तालमीला किंवा क्लबाला स्वतः पत्र लिहून, त्यांच्या सामन्यांच्या तारखा मागवून आणि एनओसी घेऊन. एनओसी दिलेली तालीम आपल्या मुलाला ऐन वेळी परत बोलावणार नाही, असे आमचे गोलरक्षक म्हणतात. मला त्याची अर्धीच खात्री आहे. परदेशी खेळाडूचा विषय या बैठकीत निघालाच नाही. नवी पेठेतल्या त्या दुकानदाराने मात्र परवा मला थांबवून सांगितले की अकरा नंबरचे दोन जोड त्याने मागवून ठेवले आहेत.

एजन्सीकडून येणे असलेली रक्कम अशी : न खेळलेल्या खेळाडूचे सेवाशुल्क ४,००० आणि अनामतीतले त्याचे ५,०००, मिळून ९,०००. मार्चमध्ये ३,००० खात्यात जमा झाले आणि ‘सद्भावनेपोटी’ असा संदेश आला. उरलेल्या ६,००० रुपयांसाठी तिसरे स्मरणपत्र नोंदणीकृत टपालाने पाठवले आहे आणि पोच आली आहे. पैसे आले तर इथेच तारखेसह लिहीन आणि एक तारा वाढवीन.